बालगृहाची तपासणी: आधी मुलं, शेवटी वह्या

बालगृहाच्या तपासणीला गेलेली समिती बहुतेक वेळा थेट अधीक्षकांच्या खोलीत जाऊन बसते. टेबलावर वह्यांचा गठ्ठा तयार असतो. चहा येतो, पोहे येतात, दोन मुली स्वागतगीत म्हणतात. मग सगळ्यांनी मिळून इमारतीत एक फेरी मारायची, शेरेबुकात ‘एकंदर व्यवस्था समाधानकारक’ असं लिहायचं आणि गाडीत बसायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. न्हाणीघराच्या दाराची तुटलेली कडी मात्र वर्षभर तुटलेलीच राहते, कारण ती कुठल्याच वहीत नसते.

जिल्हा तपासणी समितीवर नव्याने नेमलेल्या सदस्यांसाठी हे लिहितो आहे. बाल कल्याण समितीच्या, म्हणजे कोणतं मूल कुठल्या संस्थेत ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीच्या, सदस्यांनाही उपयोग होईल. कायद्याने त्यांना निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्याच असतात. अधीक्षकांनी वाचलं तर फारच उत्तम. आम्ही काय बघतो हे गुपित ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

कायद्याचं तेवढं ध्यानात असू द्या. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५४ नुसार तपासणी समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची. पथकात तिघांपेक्षा कमी लोक नकोत. त्यांत किमान एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि त्यावर महिन्याभरात कारवाई व्हायला हवी. अहवालाचा साचा केंद्राने या कायद्याखाली केलेल्या आदर्श नियमांतल्या नमुना ४६ मध्ये दिलेला आहे. तो भरायचाच, पण घरी परतल्यावर. संस्थेत तो हातात धरून फिरलात तर डोळे रकान्यांवर राहतात.

## टप्पा १: निघण्याआधी, आपल्याच टेबलावर

भेटीचं अर्धं यश इथे ठरतं आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात. चार गोष्टी हाताशी घ्या.

१. मागच्या भेटीचा अहवाल आणि त्यावरचा अनुपालन अहवाल, म्हणजे त्रुटींचं पुढे काय केलं ते सांगणारा कागद. ‘पूर्तता केली’ असं जिथे लिहिलंय तिथे खूण करा. भेटीची सुरुवात त्या जागांपासून.

२. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. मान्य संख्या किती, मुलगे की मुली, वयोगट कोणता, मुदत कधी संपते. नोंदणी पाच वर्षांची असते. नोंदणीशिवाय मुलं ठेवणं हा कलम ४२ खाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

३. बाल कल्याण समितीने त्या संस्थेत पाठवलेल्या मुलांची यादी. ही संस्थेकडून मागवू नका, समितीच्या कार्यालयातूनच घ्या. प्रवेशितांची संख्या दोन ठिकाणांहून मिळाली तरच ती पडताळता येते.

४. मोजपट्टी, बॅटरी, दोन-तीन किलोपर्यंतचा छोटा वजनकाटा. हसू नका. बॅटरीने मला शेरेबुकापेक्षा जास्त दाखवलंय.

वेळ ठरवताना सगळ्यात मोठी चूक होते. डॉक्टरांची ओपीडी संपल्यावर, म्हणजे दुपारी एक वाजता निघायचं ठरतं. त्या वेळी मुलं शाळेत असतात. रिकाम्या खाटा पाहून काय कळणार? सकाळी साडेसहा ते आठ किंवा संध्याकाळी सहा ते नऊ, या दोनच वेळा खऱ्या. उठवणं, आंघोळ, नाश्ता, रात्रीचं जेवण, झोपणं हे सगळं तेव्हाच चालतं. डॉक्टरांची अडचण असेल तर त्यांना आधी गाठा, तारीख त्यांच्या सोयीने घ्या, पण वेळ मुलांच्या सोयीची.

सावधान: ‘येतोय’ असा फोन करू नका. कलम ५४ मध्ये पूर्वसूचनेची अट नाही. वाहनचालकालाही गावाचं नाव निघताना सांगा. एका संस्थेत सगळ्या खाटांच्या दांडीवर कोरे टॉवेल लटकत होते, किमतीच्या चिठ्ठीसकट. एका मुलाला विचारलं, “हा कधीचा रे?” तो म्हणाला, “आज सकाळचा. संध्याकाळी परत द्यायचाय.”

## टप्पा २: डोकी मोजा

दारात ओळखपत्र दाखवा, अभ्यागत नोंदवहीत वेळ लिहा आणि अधीक्षकांच्या खोलीकडे न वळता मुलं असतील तिथे जा. अधीक्षक नसतील तर थांबू नका. ज्याच्याकडे प्रभार आहे त्याला बरोबर घ्या.

आता तीन आकडे मिळवा: प्रत्यक्ष मोजलेली डोकी, हजेरीपटावरचा आकडा, आणि आज किती जणांचा स्वयंपाक केला हे स्वयंपाकघरातल्या मावशींचं उत्तर. तिसऱ्या आकड्याला सर्वांत जास्त वजन द्या. मावशींना अनुदानाचं गणित ठाऊक नसतं. किती भाकऱ्या थापल्या ते ठाऊक असतं.

आकडे जुळले नाहीत म्हणजे लगेच घोटाळा, असं नाही. कुणी दवाखान्यात असेल, कुणी सुटीवर घरी. पण प्रत्येक अनुपस्थित मुलामागे कागद हवा: दवाखान्याचा केसपेपर किंवा घरी पाठवल्याचा बाल कल्याण समितीचा आदेश. ‘मामा येऊन घेऊन गेला’ हे उत्तर नव्हे. त्या मुलाचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या आणि त्याच दिवशी बाल कल्याण समितीला कळवा.

## टप्पा ३: निजण्याची खोली, शौचालय, न्हाणीघर

आदर्श नियमांत निजण्याच्या जागेसाठी २५ मुलांमागे १,००० चौरस फूट धरले आहेत, म्हणजे मुलामागे ४०. पट्टी काढा, खोलीची लांबी-रुंदी मोजा. खाटा मोजू नका, कारण एका खाटेवर दोघं झोपत असतील तर ते दिवसा दिसत नाही. उशा आणि पांघरुणं मोजा. शौचालय सात मुलांमागे एक, न्हाणीघर दहा मुलांमागे एक, हे किमान. त्यात कुलूपबंद धरायचं नाही. ‘कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी असलेलंही धरायचं नाही.

मग प्रत्येक दार स्वतः लावून बघा. कडी आतून लागते का? बाहेरून कडी आहे का, आणि असेल तर कशासाठी? एका गृहात न्हाणीघराला आतून कडीच नव्हती, बाहेरून मात्र नवी कोरी, ग्रीस लावलेली. “मुली फार वेळ लावतात,” असं कारण मिळालं. तीन अहवालांत ते न्हाणीघर ‘स्वच्छ’ म्हणून नोंदलेलं होतं. होतंच ते स्वच्छ.

तपासा:
- संध्याकाळची भेट असेल तर निजण्याच्या खोलीपासून शौचालयापर्यंत दिवा न लावता चालून बघा. आठ वर्षांच्या मुलाला रात्री तेवढंच दिसतं. अंथरूण ओलं करणारी मुलं जास्त असतील तर कारण बहुधा इथे सापडतं.
- नळ सोडा. पाणी किती वाजता येतं हे मुलांना विचारा, अधीक्षकांना नव्हे.
- मुलींच्या गृहात सॅनिटरी पॅड कुठे ठेवतात? कपाटाची किल्ली कुणाकडे? मागून घ्यावं लागत असेल तर कुणाकडे मागायचं? यातलं शेवटचं उत्तर पुरुषाचं नाव असेल तर ती गंभीर त्रुटी म्हणून लिहा.
- कॅमेरे असतील तर त्यांची तोंडं कुठे वळलीत ते पाहा. फाटकाकडे, व्हरांड्याकडे ठीक. कपडे बदलण्याच्या जागेकडे अजिबात नाही.

## टप्पा ४: स्वयंपाकघर आणि कोठी

भिंतीवरचा आहार-तक्ता वाचण्यात वेळ घालवू नका, तो सगळीकडे छानच असतो. पातेल्याचं झाकण उघडा, डाव तळापर्यंत घाला.

नंतर साधं गणित करा. आदर्श नियमांतल्या तक्त्यात डाळ किंवा कडधान्य दर मुलामागे दिवसाला १२० ग्रॅम आहे. ४० मुलं असतील तर दिवसाला ४ किलो ८०० ग्रॅम, महिन्याला १४४ किलो. आता साठा नोंदवही आणि किराणा दुकानाची बिलं काढा. महिन्याची खरेदी ६० किलो असेल तर वरणाला पाण्याची चव का येते ते कळलं. एकाच जिनसाचं गणित पुरे. सगळ्यांचं करत बसलात तर रात्र होईल.

हे करताना बिचाऱ्या मावशींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. त्यांना जेवढं दिलं जातं तेवढ्यात त्या भागवतात.

जमलं तर मुलांबरोबर जेवा. त्यांच्या पंगतीत, त्यांच्याच पातेल्यातलं. वेगळ्या ताटातलं नको.

## टप्पा ५: मुलांशी बोलणं

इथे वेळ घाला. दोन तासांची भेट असेल तर पाऊण तास इथे गेला पाहिजे. नियमांतच आहे की समितीने मुलांशी बोलून त्यांचं कसं चाललंय ते जाणून घ्यायचं. २०१८ मध्ये बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातलं लैंगिक शोषण बाहेर आलं ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ पथकाने केलेल्या सामाजिक अंकेक्षणामुळे, म्हणजे संस्थांच्या कारभाराच्या बाहेरच्यांनी केलेल्या तपासणीमुळे. पथकातले लोक मुलींशी बोलले होते.

कुणाशी: संस्था पुढे करेल ती मुलं नकोत. स्वागतगीत म्हणणारी, स्कॉलरशिपवाली, ‘सर विचारा हिला’ म्हणून आणलेली, यांना शाबासकी द्या आणि इतरांकडे वळा. हजेरीपटावरून तुम्हीच नावं काढा: सर्वांत लहान, सर्वांत मोठं, गेल्या महिन्यात आलेलं, कधीतरी पळून जाऊन परत आणलेलं, आणि ज्याची भाषा इथे कुणाला येत नाही ते. गडचिरोलीचं गोंडी बोलणारं मूल, मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल तुमच्या मराठी प्रश्नाला मान डोलावेल. तो होकार धरू नका. दुभाषा बाहेरचा आणा, संस्थेतला नको.

कुठे: दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी. पटांगणाचा कोपरा, झाडाखालचा पार. बंद खोली नको, आणि एकट्याने बोलणंही नको. पथकातला दुसरा सदस्य नजरेच्या टप्प्यात हवा. कर्मचाऱ्यांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगा की आता आम्हाला मुलांशी बोलायचंय. त्या वेळी ‘जरा पाणी देतो’ म्हणून जे दोन-तीनदा डोकावतील त्यांची नोंद ठेवा.

काय विचारायचं: ‘इथे काही त्रास आहे का?’ हा प्रश्न कायमचा सोडून द्या. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘जेवण चांगलं मिळतं का?’ यालाही तेच. घडलेलं विचारा, मत विचारू नका:

- काल रात्री काय जेवलात? दुसऱ्यांदा कुणी कुणी घेतलं?
- रात्री पोट दुखलं तर कुणाला उठवता? शेवटचं कधी उठवलं होतं?
- नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काय सांगता?
- कुणी चुकलं की काय होतं?
- घरी फोन कधी झाला? तेव्हा जवळ कोण उभं होतं?

तिसरा प्रश्न माझा आवडता. मुलं तिथले न लिहिलेले सगळे नियम त्यात सांगून टाकतात. “अमुक दादाच्या खाटेजवळ झोपू नको” असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न पुन्हा नव्याने ठरवावे लागतात.

मूल गप्प बसलं तर बसू द्या. चित्र काढू द्या, नाहीतर नुसतं शेजारी बसा.

सावधान, एक: मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर खोदून विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. अहवालाच्या आठवड्याची वाट बघायची नाही. संस्थेतून बाहेर पडायच्या आतच फोन करा. मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

सावधान, दोन: हे मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका अहवालात मी मुलाचं वाक्य जसंच्या तसं, अवतरणात घातलं. नाव दिलं नव्हतं. पण त्या वाक्यात त्याच्या बोलीतला एक शब्द होता आणि त्या गृहात ती बोली बोलणारा तो एकटाच. पुढच्या भेटीत तो माझ्याशी बोलला नाही. मी जवळ गेलो तशी त्याने पाठ फिरवली. काय झालं असेल ते मी विचारलं नाही, कळलं होतं. तेव्हापासून अहवालात ‘वेगवेगळ्या वयोगटांतल्या मुलांच्या बोलण्यातून असं दिसलं’ एवढंच लिहितो, आणि निदान दहा-बारा मुलांशी बोलल्याशिवाय एकाही बोलण्याचा वापर करत नाही. मुलांचे फोटोही काढत नाही. कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतंच, पण फोनमधला फोटो ‘तपासणी ग्रुप’वर जायला किती वेळ लागतो?

## टप्पा ६: कर्मचारी

थोडक्यात. आज रात्री इथे कोण झोपणार आहे, हे विचारा आणि त्या माणसाला भेटा. कागदावर चार काळजीवाहक आणि रात्री प्रत्यक्षात एक वॉचमन, हा प्रकार नवा नाही. मुलींच्या गृहात अधीक्षक आणि कर्मचारी महिलाच असाव्यात असा नियम आहे. पोलीस पडताळणीचे दाखले पाहा. पगार कधी झाला, ते विचारा. चार-चार महिने पगार न झालेली काळजीवाहक मुलांवर ओरडत असेल, तर ओरडणं नोंदवा आणि पगारही नोंदवा.

## टप्पा ७: आता वह्या

आता चहा घ्यायला हरकत नाही.

सगळ्या वह्या चाळू नका. ज्यांच्याशी बोललात त्यांतल्या तिघांच्या फाइली मागवा. बाल कल्याण समितीचा आदेश, गृहचौकशी अहवाल, वैद्यकीय नोंद (तपासणी दर महिन्याला हवी) आणि वैयक्तिक काळजी आराखडा. हे आराखडे एकमेकांशेजारी ठेवून वाचा. तिघांचं ‘चित्रकलेची आवड, स्वभाव शांत’ असंच असेल तर एकाचं लिहून दोघांवर चिकटवलंय. तासाभरापूर्वी त्यांतल्या एकाने पटांगणात तुमचं डोकं खाल्लेलं असतं, तेव्हा ‘स्वभाव शांत’ वाचताना मजा वाटते.

सूचनापेटीचं कुलूप बघा. किल्ली संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असायला हवी आणि पेटी दर आठवड्याला बाल समितीच्या, म्हणजे तिथल्या मुलांच्याच समितीतल्या, मुलांसमोर उघडायला हवी. किल्ली अधीक्षकांच्या खणात सापडली तर आत चिठ्ठ्या का नाहीत ते विचारायची गरज नाही.

## टप्पा ८: निघण्यापूर्वी अधीक्षकांशी बोला

नुसतं झापून आलात तर पुढच्या वेळी त्रुटी कमी दिसतील, पण त्या फक्त झाकलेल्या असतील. अनुदान कधी आलं, किती पदं रिकामी आहेत, समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतो, हे ऐकून घ्या. आपण काय लिहिणार आहोत त्यातलं जे मुलांकडून आलेलं नाही, तेवढं तोंडावर सांगा. कडी, दिवा, नळ अशा गोष्टी त्यांना आजच कळू द्या. उद्या सुतार येऊ शकतो.

शेरेबुकात फक्त तारीख, वेळ, उपस्थित सदस्य आणि ‘सविस्तर अहवाल स्वतंत्रपणे’ एवढंच लिहा. ‘समाधानकारक’ हा शब्द तिथे लिहिलात की तोच पुढे वर्षभर झेरॉक्स होऊन फिरतो.

## टप्पा ९: अहवाल

नमुना ४६ भरा आणि त्याला एक पान जोडा. खरं काम त्या पानाचं. प्रत्येक त्रुटीसमोर चार गोष्टी हव्यात: नेमकं काय, कुठे, कुणी दुरुस्त करायचं, कधीपर्यंत.

असं नको: ‘स्वच्छतागृहांची अवस्था सुधारणे आवश्यक.’

असं हवं: ‘पहिल्या मजल्यावरील तीनपैकी दोन न्हाणीघरांना आतून कडी नाही. मुली एकमेकींना दाराशी उभं करून आंघोळ करतात. अधीक्षकांनी सात दिवसांत कड्या बसवाव्यात.’

मुदती तीन प्रकारच्या ठेवा. जिवाला किंवा अंगाला धोका असेल ते आजच, सुतार-प्लंबरचं काम सात दिवसांत, बाकीचं तीस दिवसांत. आणि एक भेद पक्का पाळा. रिक्त पदं, रखडलेलं अनुदान, मोडकळीला आलेली सरकारी इमारत हे अधीक्षकांच्या नावावर लिहू नका. त्यासमोर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी किंवा जो कुणी ते करू शकतो त्याचं पदनाम घाला. नाहीतर अधीक्षक दर तिमाहीला ‘वरिष्ठांना कळवले आहे’ असं लिहितात, आणि ते खरंही असतं.

तपासा: पान देण्याआधी प्रत्येक ओळ वाचून स्वतःला विचारा, ‘हे झालं की नाही ते तीन महिन्यांनी मला डोळ्यांनी कळेल का?’ कळणार नसेल तर ओळ पुन्हा लिहा.

## टप्पा १०: महिन्यानंतर, आणि पुढची भेट

अहवाल दिल्याच्या तारखेपासून महिना मोजा. अनुपालन अहवालाची प्रत मागा. नाही मिळाली तर लेखी स्मरणपत्र द्या. फोनवरची आठवण फाइलला लागत नाही.

‘पूर्तता केली’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका. फोटो पाठवले असतील तर खोलीचं नाव आणि तारीख मागा. मला एकदा दुरुस्त केलेल्या नळाचा फोटो आला होता. नळ चकचकीत, पण मागच्या फरशीचा रंग त्या इमारतीतल्या एकाही न्हाणीघराशी जुळत नव्हता.

पथकातले सदस्य बदलणार असतील तर जुन्या पथकातला किमान एक जण पुढच्या भेटीत असू द्या. आणि त्या भेटीत मागच्या अहवालातली पहिली ओळ घेऊन सरळ तिथे जा. कडीची गोष्ट असेल तर न्हाणीघरात शिरा, दार लावा आणि कडी आतून सरकवून बघा.